ओहोटीचा तास

बारावी 'ब'. एकोणीस मुलं, एकोणीस जोड गमबूट.
गुलबाझनं बस सुलैबिखातच्या कडेला लावली
आणि मागच्या सीटवर आडवा झाला.
पाणी लांब गेलेलं, पार बंदराच्या क्रेनपाशी.
इथं नुसता चिखल,
उन्हात कढईच्या बुडासारखा चकाकणारा.

दहा मिनिटं कोणाला काहीच दिसलं नाही.
मग रेबा म्हणाली,
टीचर, चिखलच हलतोय.

निवटी.
डोळे डोक्यावर, पुढचे पर टेकत
कोपरांवर सरकत निघालेली,
मधेच कुशीवर लोळून अंग ओलं करणारी.
इथले लोक हिला अबू शलंबो म्हणतात.
माझी मावशी रेवदंड्याच्या खाडीत
कोपरापर्यंत हात घालून हिला बिळातून काढायची
आणि कालवणात कोकम जरा जास्तच टाकायची.
हे मुलांना सांगितलं नाही. अभ्यासक्रमात नाही.

सुहैल धामसकर उत्तर पाठ करूनच आलेला:
पाणी आटलं, माशानं जमिनीवर यायचा प्रयत्न केला,
करता करता पर बळकट झाले.

नाही रे.
प्रयत्नानं दम लागतो, पोरांचे पर बदलत नाहीत.
पर आधीच थोडे थोडे वेगळे होते,
जसे तुम्ही एकोणीस, एका मापाच्या बुटात न बसणारे.
कुणाचा केसभर जाड,
कुणाची कातडी ओल जास्त धरणारी,
कुणी न मागता.
मग ओहोटी. मग बगळा. मग जुलै.
ज्या बिळापर्यंत पोचल्या त्यांची पिल्लं झाली,
त्यातल्या पुष्कळांना तो केसभर वारशात मिळाला.
बाकीच्यांची गोष्ट बगळ्यानं संपवली.
आणि हे पुन्हा.
इतक्यांदा, की 'पुन्हा' हा शब्द झिजून जावा.

'निवड' या शब्दानं घोटाळा होतो, मला ठाऊक आहे.
निवड म्हटलं की सूप दिसतं,
तांदळातला खडा वेचणारी बोटं.
इथं बोटं नाहीत. सूप नाही.
खडा कोणता तेही ठरलेलं नाही,
आजचा दाणा पाणी बदललं की उद्या खडा.
उरतं ते उरतं.
मागाहून बघणारा त्याला निवड म्हणतो.

मग ही आपली पणजी का?
छे. भावकी. तीही फार लांबची,
सुतक सुद्धा लागणार नाही इतकी.
आणि अर्धवट म्हणू नका हिला,
अर्धी मासा, अर्धी आणखी कोणी.
ती कुठेही निघालेली नाही.
भरती आणि ओहोटी यांच्यामधली ही पट्टी
हे तिचं अख्खं गाव.
(हे बोलताना माझा आवाज का चढला
ते कोणी विचारलं नाही. बरं झालं.)

टीचर, तुम्ही बावीस वर्षं इथं.
तुमच्यात काय बदललं?

घाम लवकर येतो, म्हटलं, आणि कमी खारट.
गाडीचं दार ओढणीच्या टोकानं उघडते.
पण हे माझं, माझ्याबरोबर जाईल.
माझी मुलगी इथंच जन्मली, फर्वानियाच्या दवाखान्यात,
आणि पहिल्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी भरली,
जणू आईनं इथं एकही जुलै काढला नव्हता.

कोणी हसलं नाही. सुहैलनं वहीत काहीतरी खोडलं.

मग पाणी आलं, आवाज न करता,
आधी बिळांतून, मग बुटांभोवती.
निघताना रेबाचा डावा बूट चिखलानं ठेवून घेतला.
ओढून पाहिला, तिघांनी मिळून. नाही सुटला.
सुहैल म्हणाला, लाख वर्षांनी कोणाला सापडला तर
लिहितील, इथं एका पायाचा प्राणी राहायचा.

मी डोकी मोजली. अठरा.
पुन्हा मोजली.
एकोणिसावी एका पायावर उड्या मारत येत होती.