आटे

रंगनाथ कुदळे, वय त्र्याहत्तर. कानशिलावरची धमनी,
दीड सेंटिमीटर, फॉर्मॅलिनमध्ये.
बाटलीवर एवढंच.

मेणात बसवली, कापली, रंगवली.
नवी पेठेत पुन्हा रस्ता खणत होते,
ब्रेकरच्या ठोक्यासरशी भिंगाखालचं वर्तुळ थरथरायचं,
तो थांबेस्तोवर मीही थांबायचे.

मग दिसलं.
रक्ताची वाट सुईच्या नेढ्याएवढी उरलेली.
बाहेरच्या थरात राखणदार पेशी,
जन्मभर तिथेच, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्यांनीच कधीतरी आवई उठवली,
कशावरून, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही.
हाकेसरशी टी-पेशी आल्या
(भिंतीलाही रक्त लागतं,
तिच्या पोटात केसाहून बारीक नळ्या असतात, तिथून)
निळ्या ठिपक्यांची दाटी करून बसल्या
आणि आणखी माणसं बोलावत राहिल्या.
भक्षक पेशी एकमेकींत मिसळून
एकच अजस्र पेशी झालेली, वीसेक केंद्रकांची,
लवचिक पडद्याला टेकलेली.
पडदा नेमका तिथेच तुटलेला.
अख्ख्या काचेवर परका एकही नाही.

रिपोर्ट न्यायला ते स्वतः आले,
टोपी हातात. डोक्याला टेकली की ठणकतं म्हणाले.
भाकरीच्या दोन घासांत जबडा भरून येतो.
छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात, चावीवाले.
"बघू द्या मला."

मी स्टूल सरकवलं.
फोकसचा स्क्रू त्यांनी चिमटीत धरला,
पाव आटा पुढे, जरा मागे,
बराच वेळ गप्प.
"गाळ नाही हा. गंज पण नाही.
आपलीच माणसं दिसतात."
हो, म्हटलं.
"कुणी पाठवली?"
निरोप चुकला असावा.
"आमच्याकडे वर्क ऑर्डर तरी असायची," म्हणाले, आणि हसताना जबडा धरला.

उजव्या डोळ्यापुढे दोनदा अंधारून गेलं होतं,
म्हणून काचेची वाट न बघता डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या.
साठ मिलिग्रॅम.
"त्या काय करतात?"
सगळ्यांना खाली बसवतात,
चोरामागे धावणाऱ्यांनाही.
तेव्हा साध्या तापाचीही हयगय नको,
आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद…

"एकदम नाही," त्यांनी वाक्य माझ्या तोंडून घेतलं.
"अठ्ठ्याऐंशी साली पहाटे तीनला घाई केली होती मी.
व्हॉल्व झटक्यात आवळला, पाणी मागे उसळलं,
जोडावर लाइन फाटली. गल्लीत गुडघाभर.
बायका कळश्या घेऊन उभ्या, आणि मी मध्ये.
तेव्हापासून एकेक आटा.
मधेच थांबायचं, चावीला कान लावायचा."

पिशवीत रिपोर्ट घालून ते जिना उतरले.
थोड्या वेळाने ध्यानात आलं, ब्रेकर बंद आहे.
खिडकीतून पाहिलं तर कुदळे खड्ड्याच्या काठावर,
त्या पोरांना काहीतरी समजावत होते,
दोन्ही हात हवेत,
सावकाश फिरवत.