शून्याकडून उसना

नोटा छापतात ना, त्या नाशिकरोडच्या भिंतीपासून
दोन थांबे पुढे आमची शाळा.
जूनमध्ये बावीस टॅब आले. पाचवीत मुलं एकेचाळीस.
पहिला भागाकार तिथेच झाला,
आणि बाकी उरलेलं भांडण माझ्या टेबलावर आलं.

खरं सांगते, मी त्या यंत्रावर जळले.
सायमा अत्तार, तिसऱ्या बाकावरची,
दोन वर्षं माझ्यापुढे तोंड उघडलं नाही तिने,
आणि काचेवर बोट ठेवून अपूर्णांक सोडवत सुटली.
ते तिला अकरा वेळा चुकू देतं.
सुस्कारा सोडत नाही,
घड्याळाकडे बघत नाही,
"एवढं साधं येत नाही?" म्हणत नाही.
मी म्हणते. तिसऱ्या चुकीलाच म्हणते.

आणि हर्षल गांगुर्डे.
त्याला रोज पाच तारे.
आलेखात तो मेथीच्या वाफ्यासारखा हिरवागार.
केंद्रप्रमुख आले, पडद्यावर त्याचं नाव वाचून खूश झाले.
मी मागे उभी राहून त्याचं बोट बघत होते:
अ, नाही. ब, नाही. क, नाही. ड,
की फटाके.
चार दारं ठोठावली तर एक उघडतंच,
एवढं गणित त्याला पक्कं कळलंय.

यंत्राला उत्तर दिसतं.
वहीच्या कोपऱ्यात ओढलेल्या आणि थुंकीने पुसलेल्या
चार रेघा दिसत नाहीत,
बोटांच्या पेरांवरची पुटपुट ऐकू येत नाही.
'पावणेदोन' म्हटलं की भाजीवाल्याची वैष्णवी
क्षणात मान वर करते.
यंत्राला एक पूर्णांक तीन छेद चार लागतं,
तिथे वैष्णवी लाल.

ऑगस्टात एका मंगळवारी
जेल रोडला कुणीतरी खणताना केबल तोडली.
बावीस पडद्यांवर बावीस चक्रं गरगरत राहिली.
मी खडू घेतला.
चारशे तीन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर.
हर्षल उठून आला
आणि फळ्यावर पर्याय शोधू लागला.
तीनातून आठ जात नाहीत. उसना घ्यायचा.
शेजारी शून्य.
तो थांबला. वर्ग थांबला.
मी सुस्कारा गिळला,
मनातल्या मनात अकरापर्यंत मोजू लागले.

सातवर असताना मागून आवाज आला, सायमाचा:
"शून्याकडे काय असणार रे?
ते आधी चारच्या दारात जाईल.
दहा मिळाले की एक तुझ्या तीनला देईल,
नऊ घेऊन घरी बसेल."
वर्ग हसला. हर्षलही.
मग चार खोडून तीन, शून्याच्या डोक्यावर नऊ,
खाली वाकडंतिकडं दोनशे पंचवीस,
आणि वळून बघत राहिला,
फटाके कुठून वाजतात ते.
मी त्याच्या मनगटावर खडूने बरोबरची खूण केली.

"कुठे शिकलीस गं?"
"टॅबमध्ये काड्यांच्या जुड्या सुटतात, बाई.
परतपरत बघितलं."
मग जरा थांबून,
"पण घरी बसायचं माझं आहे."

संध्याकाळी अहवाल उघडला.
मंगळवार. अध्ययनाचा वेळ: शून्य मिनिटे.
लाल चौकट. शेजारी रकाना: कारण नमूद करा.
त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसले.
मग लिहिलं,
केबल तुटली.