कल्ले

पुस्तकं मी थर्माकोलच्या खोक्यातून नेली,
मासळीच्याच, बंदरावरून मागून घेतलेल्या.
तरीत पाणी आत येतं, गुरुजी फोनवर म्हणाले होते,
आणि पुस्तकाला पोहता येत नाही.
पट बावीसचा. पुस्तकं तेवीस.
एक माझ्यासाठी, वाचून दाखवायला.

भाटीवाडीची शाळा दोन खोल्यांची.
एकीला कुलूप: तिचं छप्पर वादळात गेलं,
ते तालुक्याच्या फायलीतून अजून परत यायचंय.
दुसरीत चार भिंतींना चार इयत्ता,
पहिलीचं तोंड खाडीकडे, चौथीचं डोंगराकडे,
मधे खडपेगुरुजी, कंपासाच्या टोकासारखे.
कपाटात हात धुण्याची चाळीस पत्रकं
आणि एक शब्दकोश,
त्याचा अख्खा 'म' वाळवीनं खाल्लेला.

मी म्हटलं, ही पुस्तकं तुमची.
कुणी हात पुढे केला नाही.
"परत कदी द्यायची?"
नाही द्यायची.
"मग पैसे?"
नाहीत.
यावर सगळे इतके गप्प झाले
की बाहेर जेटीवर कुणीतरी
बर्फ फोडत होतं ते ऐकू आलं.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं,
इथे फुकटच्या मासळीला कुणी नको म्हणत नाही,
फक्त घरात घेण्याआधी
अंगठ्यानं कल्ला उचलून बघतात.
आत लाल असलं तर ठीक.

मी पान नऊ वाचलं.
हिरू काठावर बसून गळ टाकतो
आणि खाडीतून ओढून काढतो हातभर सुरमई.
शहरातल्या शाळांत इथे टाळ्या पडतात.
इथे एक पोरगं फिसकन हसलं,
दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मग चौथीतली रुमाना होडेकर उठली,
बोट ओळीवर तसंच ठेवून.
"बाई, ही खाडी खंयची?"
अशीच, इथलीच एखादी.
"मग सुरमय कशी आली? ती भायर, दर्यात.
हितं बोय येते. रेणवी. काळुंदर.
कायच नाय तर शेंगटी."
"नि एवडी नाय," मागून कुणीतरी
दोन हातांत बोयीचं माप धरून दाखवलं.

गुरुजींनी डोळे वटारले, पाहुण्यांसमोर म्हणून.
मी मोजत होते:
अकरा वर्षं, दोन आवृत्त्या, एक पुरस्कार समिती,
एवढ्यांच्या नाकाखालून
ती सुरमई आरामात पोहत आली होती.

मी पेन्सिल पुढे केली. दुरुस्त कर.
ती दचकली. "पुस्तकात लिवू?"
तुझंच आहे ना.
त्या 'तुझं'ला तिनं थोडा वेळ धरून ठेवलं,
उलटंसुलटं केलं,
मग सुरमईवर एक आडवी रेघ
आणि वर, दोन्ही अक्षरं नीट जोडीनं: बोय.
मग बावीस पानांवर एकदम खरखर सुटली.
पहिलीतल्यांना लिहिता येत नव्हतं,
त्यांनी मासा काढला.
दोघांनी हिरूच्या तोंडात विडीही दिली.

परतताना ओहोटी. अब्बास वस्तानं
होडी चिखलातून ढकलत पाण्यात घातली.
"खोका रिकामा?"
एक उरलंय, माझं वाचायचं.
"काय हाय त्यात?"
गोष्ट आहे. घ्या. तुम्हालाच.
त्यानं हात लुंगीला पुसले.
पेन्सिल रुमानाकडे राहिली होती,
म्हणून तोंडीच सांगितलं: पान नऊवर सुरमई आहे,
तिथे बोय वाचा.

वल्हं मांडीखाली दाबून
त्यानं आधी पान नऊच उघडलं.
ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत गेला.
होडी आपली आपण वाहत होती.
"बोय धरली, तर गळ कितवा?"

मला माहीत नव्हतं.