सतरा टक्के

दाल्काउएच्या तंत्रशाळेत मी व्यवस्थापन शिकवते,
म्हणजे भिंतीवर कागद चिकटवते.
पिवळा : करायचं आहे.
हिरवा : चालू आहे.
निळा : झालं.
ऑगस्टपर्यंत भिंत इतकी पिवळी
की रखवालदार बार्रीया म्हणाला,
बाई, काविळीवर काही औषध बघा.

सहा मुलं, एक होडी.
साडेपाच मीटर, सायप्रसच्या फळ्या.
गिऱ्हाईक म्हणजे शिंपले पाळणाऱ्यांची सहकारी संस्था,
करारावर तारीख तीस नोव्हेंबर.
सुतारकाम शिकवायला म्हातारे रोसामेल गिनेओ,
ज्यांनी आयुष्यात एकही आराखडा काढला नाही
आणि एकही होडी बुडवली नाही.
(हे ते स्वतः सांगतात. गावात दुसरंही सांगतात.)

माझ्या तक्त्यात एलिसेओ नाउएल्किन कायम लाल.
पलीकडच्या बेटावरून येतो, लाँच चुकते,
साडेनऊच्या बैठकीला सव्वादहाला दारात उभा,
ओली टोपी पिळत.
योहाना गटनेती. तिनं त्याला असं काम दिलं
ज्यावर कोणाचं घोडं अडू नये :
वाफेच्या पेटीखालची चूल.

इंचभर जाड फळीला तासभर वाफ.
मग काढायची, धावायचं,
सांगाड्याला टेकवून वाकवायची, शिकंजे आवळायचे.
मिनिटभराचा खेळ.
पहिली फळी बाहेर आली
आणि शिकंजे कोणी आणायचे यावर चर्चा झाली.
मार्सियाल म्हणाला, तक्त्यात दमारीसचं नाव आहे.
दमारीस म्हणाली, तक्ता मंगळवारी बदलला.
योहाना तक्ता बघायला वर्गाकडे पळाली.
परत येऊन तिनं घाईनं वाकवली.
कडाड.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आमच्या पाच मुखांनी एक फळी मोडली.

मी मुद्दे लिहून घेत होते :
कारणं, जबाबदारी, पुढची पावलं.
रोसामेल तुकडा नाकाशी धरून म्हणाले,
तुम्ही बोलत होतात
आणि लाकूड गार होत होतं.

ते वाक्य कुठल्या रंगाच्या कागदावर लिहायचं
मला कळलं नाही.

दुसऱ्या फळीला घड्याळाकडे बघत होतो आम्ही सगळे,
एलिसेओ सोडून.
तो उकिडवा, तळवा पेटीच्या अंगावर,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
पन्नासच मिनिटं झाली होती.
म्हणाला, आता.

आता म्हणजे आता.
शिकंजे कोणी आणले, मी पाहिलं नाही.
फळीला दोन टोकं असतात आणि मधे जड पोट असतं,
हे माझ्या भिंतीवर कुठंच नव्हतं,
हातांना मात्र माहीत होतं.
योहाना ओरडलीच, डावं खाली!
पण तिचं ओरडणं पोचायच्या आत
डावं खाली गेलेलं.
झोपलेलं मूल कुशीवर वळावं
तशी वळली फळी.

मग सगळं सुरळीत झालं असं नाही.
चौथीला पुन्हा भांडणं, सहावी मोडली,
दमारीस आठवडाभर मार्सियालशी बोलली नाही,
खिळे खालच्या मापाचे आले. ती चूक माझी.
होडी पाण्यात गेली अकरा डिसेंबरला.
संस्थेनं अकरा दिवसांचे पैसे कापले,
करारात होतं तसेच, ना कमी ना जास्त,
आणि वर सहाही जणांना
शिंपल्यांची एकेक पिशवी दिली.

आता मूल्यांकनाचा तक्ता विचारतो :
गटकामात तुमचा स्वतःचा वाटा किती टक्के?
मुलांना लांब लांब बसवलं, कागद झाकून.
मला वाटलं, बेरीज दोनशेच्या घरात जाणार.
पंधरा. दहा. वीस. बारा.
योहाना अठरा.
एलिसेओ आठ, आधीचे पाच खोडून.

त्र्याऐंशी.

संगणक शंभराशिवाय पुढं सरकत नाही.
पाच जणांना तीन-तीन, एकाला दोन,
सहज वाटून टाकता येतील,
कोण विचारणार आहे?
रात्रीचे अकरा वाजलेत. खिडकीखाली भरती.
धक्क्याला बांधलेली होडी दोरी ताणते, सैल सोडते.
चौकट अजून लाल आहे,
आणि मी काहीच दाबलेलं नाही.