फटीचा कोन

धुराड्याची झडप मी एक तास आधी लावली,
एवढंच झालं.
निखाऱ्यांवर निळी ज्योत होती अजून.

तार्तूच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी हेल्यूनं डोळे उघडले
आणि म्हणाली, हिरवं आहे.
हिरवंच होतं. पण तो पडदा आहे
हे तिला त्याच्या सळसळीवरून कळलं.

तेव्हापासून घरात रंग आहेत, वस्तू नाहीत.
पिवळं, जरा खरबरीत: लिंबू असावं.
पांढऱ्यावर काळ्या रेघोट्या: बर्चचं सरपण.
मी समोर उभा राहिलो तर
तपकिरी लोकर.
बोललो, की अर्वेद.

डॉक्टरीणबाईंनी एक तबकडी धरली, मध्ये फट.
उभी की आडवी?
हेल्यू गप्प. मग म्हणाली, तुम्हीच सांगा.
बाईंनी हातात पाकीट दिलं: टाका.
एकतीस वर्षं टपाल वाटलेला तो हात
वाटेतच मनगटात वळला
आणि पाकीट आत. कडेला घासलंसुद्धा नाही.
फट तिरपी केली. पुन्हा आत.
"कसं जमलं?"
"काय जमलं?"

बाई म्हणाल्या, उजेड डोक्याच्या पार मागे पोचतो
आणि तिथून वाटा फुटतात.
एक नाव विचारत जाते, ती गेली.
दुसरी थेट हाताला मिळते, कुणाला न सांगता.
मला आमच्या गावचे रस्ते आठवले:
एक चर्चवरून, पाट्या लावलेला,
एक दलदलीतून, फक्त पायांना ठाऊक.

पण त्या हाताला आठवण नाही.
कप दाखवला, झाकला, चारपर्यंत मोजलं,
मग म्हटलं घे,
तर बोटं हवेत चाचपडतात.
त्याचं शहाणपण धारोष्ण,
थांबलं की नासतं.
म्हणून मी आता "दिसतंय का" विचारत नाही.
कप पुढे करतो. आत्ता.

काल रात्री दिव्याखाली
तिनं माझ्याकडे हात केला.
पोचायच्या आधीच, वीतभर अंतरावर,
तो उघडला,
अंगठा या गालासाठी, बोटं त्या,
नेमका माझ्या जबड्याएवढा,
दोन दिवसांच्या दाढीपुरता सैल.

"कोण आहे?" ती म्हणाली.

मी लगेच बोललो नाही.