एक दिवसाआड

आमच्या लोकमान्यनगरात नर्मदा येते
एक दिवसाआड, पहाटे पाच-चाळीसला,
पाऊण तास. त्यातली पहिली पाच मिनिटं गढूळ.
उरलेल्या चाळिसात मी काय चीज असते
हे ऑफिसातल्या कुणाला सांगून पटणार नाही:
टाकी, दोन पिंपं, तांब्याचा हंडा, सहा कळशा,
धार बारीक झाली की शेवटी लोटीसुद्धा.
थेंब सांडत नाही.

मग साडेसहाला चहा घेऊन बसते
आणि साडेसात होतात.

कसे, ते खरंच माहीत नाही.
फोन उचलला होता फक्त हवामान बघायला.
हवामान नाही बघितलं.
देवासच्या मामेबहिणीच्या नणंदेचं नवं स्वयंपाकघर बघितलं,
एक माणूस तापल्या दगडावर पराठे भाजत होता, तो बघितला,
अठरा जणांना सुप्रभात केलं,
त्यातल्या चौघांशी मी बोलत नाही.
खिडकीखालून कचऱ्याची गाडी गाणं म्हणत निघाली.
ओला डबा एका हातात, सुका दुसऱ्या,
पायात एकच चप्पल,
आणि गाडी कोपऱ्यावर वळलेली.

हेमकांत तर याहून थोर.
आधी चष्मा शोधतात. तो मिळाला की किल्ली.
किल्ली मिळेस्तोवर चष्मा काढून ठेवलेला, कुठे, देव जाणे.
रविवारी "हा आलोच" म्हणत पोहे आणायला गेले
ते दहाला उगवले.
जिरावण वेगळ्या पुडीत, जिलबी गार,
आणि दुकानासमोर भेटलेल्या चौघांची खबरबात अशी सांगितली
जणू तीच आणायला पाठवलं होतं.

म्हणून एक तारखेपासून
दुधाच्या कॅलेंडरवरच दुसरा हिशेब मांडला.
दुधाचे खाडे निळ्या पेनाने, वेळेचे लाल.
किल्ली: अकरा मिनिटं.
आज भाजी काय करायची: पंचवीस.
(शेवटी गिलकी. दरवेळी गिलकीच.)
फ्रिज उघडून नुसतं उभं राहणं:
केतकी म्हणाली चार, मी म्हटलं सात,
त्या वादात नऊ.
दहा दिवसांत चौकोन इतके लालभडक झाले
की दूध किती आलं ते दिसेना,
भैयाला दोन लिटरचे पैसे जास्त गेले.

पण फरक पडला, नाही म्हणणार नाही.
किल्लीला दारामागे खिळा मिळाला.
भाजी रात्रीच निवडून ठेवली जाऊ लागली.
फोन सकाळी तूरडाळीच्या डब्यामागे, आवाज बंद करून.
आणि एका बुधवारी, सगळं उरकून,
मी हात पुसत स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभी,
घड्याळात सात वाजून पाच.
पंचवीस मिनिटं. अख्खी. माझी.

पाणी आलं होतं
आणि भांडं काढून ठेवायचं मी विसरले होते.

पुस्तक उघडलं, मिटलं.
कुंडीतली पिवळी पानं खुडली, तीन.
मग गेटपाशी गेले, तर शेजारच्या बडनगरवाल्या भाभी
जळलेल्या मोटरकडे बघत उभ्या.
आमच्या टाकीतून त्यांच्या हौदाला पाइप लावला,
तो सारखा निसटत होता, म्हणून धरून उभी राहिले.
भाभी सांगत होत्या, त्यांच्या गावाकडे
पाहुणा उठू लागला की त्याची एक चप्पल लपवायचे.
कोण लपवायचं, कशी सापडायची,
हौद भरून वाहिला तरी गोष्ट संपली नव्हती.
ऑफिसला पोचले वीस मिनिटं उशिरा.

संध्याकाळी म्हटलं, हे लिहायला हवं.
लाल पेन सापडेना.
ड्रॉवर, पर्स, फ्रिजच्या वर, केतकीचं दप्तर,
हेमकांतही शोधायला लागले, चष्मा नसताना.
बराच वेळ गेला त्यात.
आता तो लिहिणार कशाने?

उद्या नळाचा दिवस नाही.
उद्या सातपर्यंत झोपेन, असं दर खेपेला म्हणते
आणि पाच-चाळीसला टक्क डोळे उघडतात.
घरात एकही कळशी रिकामी नसते.
मी पडून राहते, पाइपातून हवा सुसू करते ती ऐकत,
उठावं की नाही
हे ठरवण्यात किती मिनिटं जातात
ते अजून मोजलेलं नाही.