अंगापेक्षा बोंगा

टिटिकाकाच्या काठी बासिलिया चोके
जाळ्यातून बेडूक सोडवते.
केवढा ढगळ! थोरल्या भावाचा सदरा घातल्यागत.

हवा विरळ इथली, पाण्यातही प्राणवायू बेताचाच.
इवल्या जिवाचं त्यात भागतं,
त्याच्या आत लांब असं काही नसतंच.
पण अंग वाढलं की आतलं भराभर वाढतं,
कातडी मागे पडते,
मधल्या पेशी उपाशी.

काल तिच्या हंडीत
गोट्यांएवढे बटाटे शिजले,
मोठा मधोमध कच्चाच राहिला.

याने कातडीलाच चुण्या पाडल्या,
दर चुणीत चमचाभर तळं.

सोडल्यावर तो तळाशी टेकतो,
जोर काढतो, सावकाश,
चुण्यांत नवं पाणी खेळतं.

बासिलिया घागऱ्याच्या चुण्या आवरून
चढाला लागते.
दहा पावलांवर थांबते, धापते.